कामास योग्य

"हात बाहेर काढ," मी म्हणालो.

रैनूने काढले नाहीत. अंगावरच्या चादरीत दोन्ही हात खुपसून तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. डिसेंबरचा महिना, सकाळचे सात. कौलांवरून दव टपटपत होतं आणि मी अजून दातही घासले नव्हते.

"अरे, अकरा किलोमीटर चालत आलास ते माझं तोंड बघायला का?"

तेव्हा त्याने हात पुढे केले. दोन्ही हातांची बोटं मधल्या पेरापासून पुढे पांढरी पडली होती. फिकट नव्हे, पांढरी. चुन्यात बुडवून काढावीत तशी. अंगठे तेवढे चांगले काळेसावळे होते.

"मोठा रोग हाय का जी?" त्याने विचारलं. आवाज एवढा मोठा की समोरच्या घरातली बाई झाडू हातात घेऊन बाहेर आली.

"हळू बोल. गावाला आमंत्रण देतोस का?"

मी डॉक्टर नव्हतो. गडचिरोलीच्या त्या जंगलभागात गावोगाव फिरून कुष्ठरोगी शोधायचे, त्यांना गोळ्या द्यायच्या आणि रजिस्टर भरायचं, एवढंच माझं काम. सोळा वर्षं तेच करत होतो. लोक मला ठवरे डाक्टर म्हणत आणि मी त्यांची चूक सुधारत नसे. बाजारात पुढे चाललेल्या माणसाच्या कानाच्या पाळीवरून मी रोग ओळखायचो, आणि बहुतेक वेळा माझा अंदाज खरा निघायचा. माझ्या या नजरेचा मला फार माज होता. आता सत्तावीस वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

रैनू तुलावी मला ऐकून माहीत होता. जंगलाच्या ज्या तुकड्यातली खुणा केलेली झाडं त्या वर्षी तोडायची असतात त्याला कूप म्हणतात. त्या कुपात पेट्रोलवर चालणारी करवत चालवणारा तो एकटाच. सगळे तिला नुसतं मशीन म्हणत. सात हिवाळे तो ती चालवत होता, दिवसाचे सहा-सहा तास. मशीन हातात आली तशी रैनूची मान ताठ झाली, हाक मारली तरी वळून बघत नाही, असं गावात बोललं जाई.

आता त्याची मान ताठ नव्हती. चार दिवसांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बोटांत बिडी जळत जळत टोकाला आली. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा बाकीच्यांनी पाहिलं, पण त्याला पत्ताच नव्हता. आमच्या भागात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पाण्याचा तुंबा, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं, दूरच्या एका झाडाला वेगळा टांगलेला होता.

"जमादार म्हनते, सोमवारपरेंत डाक्टरचा कागद आन, नाईतर मशीन खाली ठेव," रैनू म्हणाला. "मशीनचं जाऊ द्या जी. पन कागद नाई भेटला त मी जाऊ कुठं? जंगलातबी वेगळा, गावातबी वेगळा."

मी त्याला आत घेतलं. पेनाचं टोक जिथे टेकेल तिथे बोट ठेवायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. तळहात, मनगट, दंड, सगळीकडे त्याने बरोबर बोट ठेवलं. बोटांच्या टोकांना मात्र टेकलेलं त्याला कळत नव्हतं. "आता डावा हात," मी म्हणालो. तो हलला नाही. पुन्हा म्हणालो, तरी नाही. बिचारा घाबरलाय, असं म्हणून मीच त्याचा डावा हात ओढून घेतला. कोपरामागची नस चाचपली. रोग असला की ती दोरीसारखी जाड लागते, ही चांगली मऊ होती. अंगावर चट्टा नाही, भुवया शाबूत.

मग मी त्याला चुलीपाशी बसवलं. बघता बघता ती पांढरी बोटं निळी झाली, मग लालबुंद. तो हात झटकत कण्हू लागला. आत मुंग्यांचं वारूळ फुटलंय म्हणाला.

मी हसलो. "महारोग असा विस्तव पाहून पळून जात नाही, बाबा. तुला काही नाही."

सोळा वर्षांत हे तीन शब्द म्हणायची संधी मला फार थोड्या वेळा मिळाली होती. म्हणताना जीभ गोड झाली.

"काईच नाई?"

"थंडीने रक्त आखडतं. मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळ."

"कानातबी रातकिडे वरडते जी. दिवसाबी."

"कान माझ्या खात्यात नाहीत," मी म्हणालो आणि कागद ओढला.

लिहिलं: तपासले. कुष्ठरोग नाही. निरोगी. कामास योग्य. शेवटचे दोन शब्द लिहिण्याचा मला अधिकार नव्हता, पण चांगली बातमी अर्धवट कशाला द्यायची, असं वाटलं. खाली सही केली आणि शिक्का मारला. रैनूने कागद चादरीच्या आत छातीशी धरला आणि माझ्या पाया पडला.

"तुमीच या जी कुपात," तो म्हणाला. "कागद कोन वाचते तिथं?"

सोमवारी मी माझी लूना काढली.

मशीनचा आवाज तीन किलोमीटरवरून ऐकू येत होता. जंगलात एरवी सकाळी भारद्वाज, हुप्पे, कोतवाल, नाना आवाज असतात. त्या दिवशी एकही नव्हता. आवाज थांबे, मोठं झाड कोसळल्याचा धक्का जमिनीतून लूनाच्या चाकापर्यंत येई, आणि पुन्हा ती किंचाळी सुरू होई. कुपाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

कुपावर देखरेख करणाऱ्या भोयर जमादाराने मशीन बंद करायला लावली आणि आठ-नऊ माणसं गोळा केली. मी कागद मोठ्याने वाचला. मग दूरच्या झाडाला टांगलेला रैनूचा तुंबा काढला, तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यालो. हा माझा ठरलेला खेळ होता. दहा गावांत केला होता आणि कधी वाया गेला नव्हता. जमादार प्याला. मग एकेक करून सगळे प्याले. रैनू खाली मान घालून उभा होता.

एकटा मागे राहिला तो सोमा हलामी, रैनूचा जोडीदार. चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. मशीन कापत असताना पाचर ठोकायची, झाडाच्या शेंड्यावर नजर ठेवायची आणि धोका दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम. कापणाऱ्याचे डोळे पात्यावर असतात. त्याचा जीव जोडीदाराच्या हाकेवर असतो, आणि जोडीदाराचा त्याच्या थांबण्यावर.

"काय सोमा, तुला वेगळं ताट मांडायचं का?"

"मले गाड्या भरायवर टाका म्हनलं जमादाराले," सोमा म्हणाला. "याच्यासंग नोको."

"अजून रोगाचं भय वाटतं?"

"रोगाले कोन भेते जी." त्याने जमादाराकडे पाहिलं, मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "तो आयकत नाई."

"भांडण झालंय?"

"भांडन नाई. आयकत नाई जी. दोन सालापासून. मी सांगतो एक, तो करते एक."

मला हसू आलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "लग्नाला सात वर्षं झाली की सगळ्यांचं असंच होतं." लोक हसले. "आणि मशीन हातात असल्यावर तो कशाला तुझं ऐकेल? तूच ऐक आता माझं. सगळे प्याले, तू एकटा राहिलास. उद्या लोक काय म्हणतील, सोमा भ्याला?"

सोमाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याला आणखी काही बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. पण मी तुंबा त्याच्यापुढे धरला होता आणि सगळे बघत होते. तो प्याला, मनगटाने तोंड पुसलं आणि पाचर उचलली.

मैदान मारल्यासारखा मी खूश होतो. रैनूही. त्याने मला मशीन धरून बघा म्हटलं. मी धरली. खरं सांगतो, मोजून दोन मिनिटं. दातावर दात आपटायला लागले, छातीत काहीतरी भिरभिरलं, आणि खाली ठेवल्यावर हात माझे नव्हतेच. बाजूला जमादार काहीतरी बोलत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

"कानात कापूस तरी घाल रे," कान जरा मोकळे झाल्यावर मी रैनूला म्हणालो.

"मशीनच्या खोक्यात आलं होतं कानावर घालाचं, पिवळं," जमादार म्हणाला. "माह्या घरी खुटीले हाय. कोनी घालतच नाई."

रैनू आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. मग मोठ्याने म्हणाला, "ते घातलं त सोमाची हाक कशी आयकू येईन?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. सोमा मात्र जमिनीकडे बघत पाचरीची धार अंगठ्याने चाचपत राहिला.

जेवण झाल्यावर मी निघालो. लूनाला पिशवी बांधत होतो. साठेक पावलांवर रैनू आणि सोमा ऐनाच्या एका मोठ्या झाडाला भिडले होते. खोड अर्धं कापून झालं आणि साखळीत भुसा अडकला. रैनूने मशीन बंद केली, खाली बसून साखळी साफ करू लागला.

एकदम शांत झालं. एवढं शांत की लूनाच्या पेट्रोलचा टाकीतला चुबुकचुबुक आवाज मला येत होता.

सोमाने वर पाहिलं. मीही पाहिलं. ऐनाच्या शेंड्यातून मांडीएवढा जाड माहुलवेल निघून पलीकडच्या झाडाला ताणलेला होता. झाड पडताना वेल त्याला ओढून भलतीकडे नेणार, हे मलासुद्धा कळत होतं. सोमाने कुऱ्हाड उचलली आणि खोडाला वळसा घालून तो पलीकडे गेला.

"रैनू, थांब," तिकडून त्याने हाक दिली. "वेल हाय. तोडून येतो."

स्वच्छ ऐकू आलं. मला आलं, जमादाराला आलं, फांद्या छाटणाऱ्या बायकांना आलं. रैनूची खाली घातलेली मान वर झाली नाही. त्याने साखळी पुसली, मशीन जमिनीवर ठेवली, पाय दिला आणि दोरी खेचली.

खरंच ऐकत नाही हा, असं माझ्या मनात आलं. अगदी हेच शब्द. आणि मग सोमाच्या त्या शब्दांचा अर्थ कळला.

मी ओरडत धावलो. सगळेच ओरडत धावले. पण त्या आवाजापुढे नऊ माणसांचं ओरडणं म्हणजे काहीच नाही. एका बाईने ढेकूळ फेकलं. ते रैनूच्या पाठीवर फुटलं. त्याने वळून पाहिलं, आणि आम्ही असे धावत येतोय हे बघून तो हसला. काहीतरी थट्टा चाललीय असं त्याला वाटलं. तेवढ्यात झाड कडाडलं. वेलाने झाडाला फिरवलं आणि ते पलीकडे, सोमाच्या बाजूला कोसळलं.

धूळ खाली बसली तेव्हा मशीन त्याच्या हातात चालूच होती. तो आमच्याकडे बघत होता, मग त्याने बाजूला पाहिलं, जिथे सोमा उभा असायला हवा तिथे.

सोमाचा जीव जागीच गेला. त्याला झाडाखालून काढायला संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी वनखात्याच्या नाक्यावर चौकशी होती. तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. सोमाने रैनूला जोडीदार म्हणून नाकारलं, त्याच्या हातचं पाणी घ्यायला नको म्हटलं, तो राग रैनूने काढला. मशीन बंद होती, हाक साऱ्या कुपाने ऐकली, मग याला कशी नाही ऐकू आली? मुद्दाम केलं. दोन रात्री रैनूच्या घराकडे कोणी फिरकलं नव्हतं.

ओसरीत टेबल मांडलं होतं. साहेब बाहेरगावचे होते, तरुण, चष्मा लावलेले. समोर रैनू उकिडवा बसलेला. भिंतीशी सोमाची बायको फगनीबाई, लुगड्याचा पदर तोंडाशी धरून. टेबलावर माझा कागद.

"हा तुमचा?" साहेबांनी मला विचारलं.

"हो."

"म्हणजे माणूस धडधाकट होता. डोळे, कान?"

त्या क्षणी मी सांगू शकत होतो. मी फक्त एका रोगासाठी तपासलं, कान बघितलेच नाहीत, तो सांगत होता तरी बघितले नाहीत. पण अधिकार नसताना लिहिलेले ते दोन शब्द समोर पडले होते, खाली माझी सही होती आणि माझ्या नोकरीची तेरा वर्षं बाकी होती.

"निरोगी म्हटलं म्हणजे सगळं आलंच, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग लिहिता लिहिताच, मान वर न करता, रैनूला विचारलं, "सोमावर तुझा राग होता?"

रैनूने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते, म्हणजे आता त्याने बोलायचं होतं.

"हाव जी," त्याने होकार दिला.

साहेबांचं पेन क्षणभर थांबलं. "तो पलीकडे आहे हे तुला माहीत होतं?"

"हाव जी."

जमादाराने सुस्कारा सोडला. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. तो का हाव म्हणतोय हे मला कळत होतं, आणि तिथे ते कळणारा मी एकटाच आहे असं मला वाटलं. मी गप्प बसलो. लाज वाटत होती, पण गप्पच बसलो.

"साहेब," फगनीबाई बोलली. "मान वर करून इचारा."

"काय?"

"मान वर करून इचारा जी त्याले. तो तोंड पाहून बोलते."

साहेबांनी पेन ठेवलं, चष्मा सरळ केला आणि रैनूकडे बघत पुन्हा विचारलं, सावकाश. रैनूचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. प्रश्न कळला तसा त्याचा चेहरा पिळवटला.

"सोमावर?" तो म्हणाला. "सोमावर राग?" त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

"माहा मानूस घरी रोज सांगे," फगनीबाई साहेबांना म्हणाली. "रैनूले आयकू येत नाई म्हने. बहिरा म्हनून चारचौघात सांगतलं त त्याची इज्जत जाते, म्हनून सांगत नोयता. गाड्या भरायवर जातो म्हने, जोडीदार नाई म्हनून मंग जमादार त्यालेबी काढन मशीनवरून, कोनाले काई सांगा नाई लागन." तिने पदर सोडला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या डाक्टरलेबी सांगतो म्हनला होता सोमवारी. घरून सांगूनच निंगाला. सांगतलं असन त्यानं."

साहेब माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं?"

मी उभा राहिलो. रैनूकडे माझी पाठ होती.

"नाही," मी म्हणालो. "मला तसं काही सांगितलं नव्हतं. बाई दुःखात आहेत, साहेब."

फगनीबाईने पदर पुन्हा तोंडाशी नेला. तिने वाद घातला नाही. साहेबांनी तिला विचारलं, तुझी याच्याविरुद्ध तक्रार आहे का. तिने मान हलवली, नाही. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या, अपघात असं मोठ्याने म्हटलं आणि फाईल मिटली.

रैनूने सगळं पाहिलं होतं. माझा कागद टेबलावर होता, मी उभा राहून बोललो, आणि त्यानंतर फाईल मिटली. त्याला एवढंच दिसलं होतं.

तो उठला, फगनीबाईच्या समोरून आला आणि माझ्यापुढे वाकला. सकाळची थंडी होती, जोडलेली दहाही बोटं त्याला सरळ करता येत नव्हती. "तुमी होते म्हनून जी," तो मोठ्याने म्हणाला. "तुमी होते म्हनून."

फगनीबाई बघत होती. मी तो नमस्कार घेतला.